सुपर १६, दोन पर्फ की तीन पर्फ? वेंगुर्ल्यात पावसातला वीस मिनिटांचा लघुपट

सुरंगी

डिजिटल की फिल्म हा वाद इथे नको, फिल्म नक्की झाली आहे. प्रश्न फक्त फॉरमॅटचा आहे.

लघुपट २० मिनिटांचा. जागा वेंगुर्ल्याजवळ, महिना जुलै. दोन तृतीयांश भाग बाहेर: पोफळीची बाग, पाणंद, खाडीचा बांध. उरलेला कौलारू घराच्या माजघरात आणि पडवीवर. संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे आहेत, डबिंग नाही. प्रमाण ८:१ धरलं आहे (पडद्यावरच्या एका मिनिटामागे आठ मिनिटं चित्रण), म्हणजे १६० मिनिटांचं निगेटिव्ह. शेवटचं माप १.८५ (रुंदी उंचीच्या १.८५ पट), डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत). कॅमेरा विभागात चार माणसं. सहनिर्माते लंडनला असल्याने निगेटिव्ह धुणं आणि स्कॅन तिकडच्या लॅबमध्ये होईल.

पर्याय तीन: सुपर १६ (१६ मिमी फिल्म, चौकट रुंद केलेली), ३५ मिमी दोन पर्फ, ३५ मिमी तीन पर्फ (पर्फ म्हणजे एका चौकटीला फिल्मच्या कडेची किती छिद्रं लागतात ते). कुठला घ्यावा आणि का? "लुक"वर मतं पुष्कळ मिळाली, आता आकडे हवेत.

हिशेबनीस

आकडे घ्या. सगळे २४ फ्रेम प्रति सेकंद धरून.

सुपर १६: मिनिटाला ३६ फूट. ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटं ६ सेकंद चालतं.
३५ दोन पर्फ: मिनिटाला ४५ फूट. ४०० फूट म्हणजे ८ मिनिटं ५३ सेकंद.
३५ तीन पर्फ: मिनिटाला ६७.५ फूट. ४०० फूट म्हणजे ५ मिनिटं ५५ सेकंद.
३५ चार पर्फ: मिनिटाला ९० फूट. ४०० फूट म्हणजे ४ मिनिटं २६ सेकंद.

तुमच्या १६० मिनिटांना सुपर १६ मध्ये ५,७६० फूट लागतील, दोन पर्फमध्ये ७,२००, तीन पर्फमध्ये १०,८००. रिळांत मोजलं तर १५, १८ आणि २७. यात मॅगझिन भरताना डोक्याशेपटीला जाणारे पाच-सहा फूट आणि शॉर्ट एण्ड (रिळाचे उरलेले तुकडे) धरलेले नाहीत. त्यासाठी वर दहा टक्के घ्या.

एक चूक हमखास होते. दोन पर्फला सुपर १६ पेक्षा फूट फक्त पंचवीस टक्के जास्त लागतात, म्हणून खर्चही पंचवीस टक्केच जास्त असं लोक धरून चालतात. ३५ चा फुटाचा दर १६ पेक्षा बराच वर असतो, आणि धुलाईही फुटावर मोजतात. तेव्हा तुलना "मिनिटाला रुपये" अशी करा: कच्चा माल, धुलाई आणि स्कॅन तिन्ही एकत्र. लॅबकडून दर मागवताना हे तिन्ही एकाच कागदावर मागवा.

दोन_पर्फ

नाव बघून मी काय सांगणार ते कळलंच असेल.

चौकटीचं क्षेत्रफळ बघा. सुपर १६ ची चौकट १२.५२ × ७.४१ मिमी. १.८५ ला कापली की १२.५२ × ६.७७, म्हणजे साधारण ८५ चौरस मिमी. दोन पर्फची चौकट २२ × ९.४७. ती मुळात २.३९ साठी, पण बाजू कापून १.८५ केली तरी १७.५ × ९.४७ उरते, म्हणजे १६६ चौरस मिमी. सुपर १६ च्या जवळजवळ दुप्पट, आणि फूट फक्त सव्वापट. साठच्या दशकात रोमच्या टेक्निकलरने टेक्निस्कोप म्हणून हेच काढलं, निम्म्या फिल्ममध्ये रुंद पडदा. इटालियन वेस्टर्नवाल्यांनी ते उगाच उचललं नाही.

माजघर अंधारं असणार, तिथे ५००टी (दिव्यांच्या उजेडासाठीची वेगवान फिल्म) वापरणार. सुपर १६ वर अंधाऱ्या भागातला ग्रेन वळवळताना दिसेल.

गेटमधला_केस

दोन_पर्फ, गणित बरोबर आहे, पण जुलैतलं वेंगुर्लं त्यात धरलेलं नाही.

दोन पर्फमध्ये दोन चौकटींमधली रेघ अगदी बारीक असते. चार पर्फवर १.८५ चित्रित केलं तर वरखाली भरपूर मोकळी जागा असते. गेटच्या (फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीच्या) कडेला केस आला तरी तो कापल्या जाणाऱ्या भागात पडतो. दोन पर्फमध्ये वरखाली जागाच नाही, केस आला की थेट चित्रात. दमट हवेत इमल्शन फुगून मऊ होतं आणि गेटच्या कडांवर त्याचा भुगा साठायला लागतो. म्हणजे ज्या फॉरमॅटला गेट सगळ्यात स्वच्छ लागतं, तोच तुम्ही सगळ्यात घाण होणाऱ्या हवेत नेताय.

शिवाय १.८५ साठी बाजू कापल्या तरी उंचीत रेसभरही सूट मिळत नाही. चौकट स्थिर करायला किंवा किंचित वर सरकवायला काही उरत नाही.

टी१.३

मी लेन्सकडून सांगतो, कारण माजघराचा प्रश्न ग्रेनपेक्षा खोलीचा आहे.

सुपर १६ ची चौकट रुंदीला सुपर ३५ च्या निम्मी (१२.५२ विरुद्ध २४.८९). त्याच चौकटीसाठी लेन्स निम्म्या फोकल लेंग्थची लागते. दोन मीटरवर माणूस बसलाय, लेन्स टी२ वर (टी म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तितका उजेड जास्त). सुपर १६ वर २५ मिमी लावली तर फोकसची खोली साधारण ३३ सेंटिमीटर मिळते. ३५ वर त्याच चौकटीला ५० मिमी लागेल आणि खोली १६ सेंटिमीटरच. म्हणजे सुपर १६ वर टी२ ला जे मिळतं, ते ३५ वर मिळवायला टी४ हवा. दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड. माजघरात समईच्या बरोबरीने जे काही दिवे लपवणार, ते चौपट. चार माणसांच्या विभागाला हे परवडणार आहे का, ते आधी ठरवा.

दुसरी गोष्ट. जुन्या माजघरात कॅमेरा भिंतीला टेकवूनही तीन मीटरच मिळतात असं धरा. सुपर १६ वर १२ मिमी लावली तर तीन मीटरवर ३.१ मीटर रुंदी दिसते, ९.५ मिमीवर जवळजवळ चार मीटर. पण "पीएल माउंट (लेन्स बसवायची कडी) आहे, ३५ च्याच लेन्सा लावू" म्हणून कोणी १८ मिमीपासून सुरू होणारा संच दिला, तर १८ वर २.१ मीटरच दिसेल. चूल दिसेल, चुलीशी बसलेली बाई अर्धी कापली जाईल. तेव्हा सुपर १६ घेत असाल तर सुपर १६ झाकणाऱ्या लेन्सच मागा: झाइसच्या १६ च्या सुपर स्पीड (टी१.३), किंवा अल्ट्रा १६, झूममध्ये कॅननची ८-६४. साध्या १६ साठी बनलेल्या जुन्या झूमचे कोपरे रुंद टोकाला काळे पडतात, आणि छोट्या व्ह्यूफाइंडरमध्ये ते चटकन लक्षातही येत नाही.

नवखा_छायालेखक

सुपर ८ का नाही? कोडॅकची कार्ट्रिज सहज मिळते आणि कॅमेरा हातात मावतो.

हिशेबनीस

५० फुटांची कार्ट्रिज २४ फ्रेमने अडीच मिनिटं चालते. १६० मिनिटांना ६४ कार्ट्रिजा. १.८५ ला कापल्यावर चौकट उरते साधारण १८ चौरस मिमी. बहुतेक कॅमेरे आवाज करतात आणि क्रिस्टल सिंक (ध्वनीशी जुळणारा पक्का वेग) नसतो. प्रेशर प्लेट कार्ट्रिजमधलीच, प्लॅस्टिकची. स्वप्नाचा एखादा तुकडा करायचा असेल तर ठीक, संवादाला नाही.

पडवी

सिंकचा विषय निघालाच आहे तर: स्वस्तात मिळतो म्हणून क्रास्नोगोर्स्क के-३ किंवा चावीचा बोलेक्स घेऊन संवादपट करायला जाऊ नका. स्प्रिंगवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा वेग ध्वनीशी जुळत नाही, एक चावी अर्ध्या मिनिटाच्या आत संपते आणि खडखड माइकमध्ये येते. दोन्ही कॅमेरे छान आहेत, पण मुक्या दृश्यांसाठी. संवादाला क्रिस्टल मोटरचा, आवाज दाबलेला कॅमेरा हवा: १६ मध्ये अ‍ॅरी एसआर-२, एसआर-३, ४१६, आटॉन एक्सटीआर, ३५ मध्ये अ‍ॅरिकॅम एलटी, पेनेलोप.

बॅटरी तपासा. एसआर-२ आणि एक्सटीआर १२ व्होल्टवर चालतात, एसआर-३, ४१६ आणि अ‍ॅरिकॅम २४ वर. भाड्याच्या पेटीत भलतीच केबल निघाली की वेंगुर्ल्यात दुसरी मिळत नाही.

सुरंगी

खूप उपयोगी. तीन पर्फबद्दल कोणीच काही म्हटलं नाही. १.८५ ला तो तर नेमका बसतो ना?

अंधारखोली

बसतो. २४.८९ × १३.४५, म्हणजे ३३५ चौरस मिमी, सुपर १६ च्या चौपट. मोकळ्या हवेत, कोरड्या ऋतूत, मोठा विभाग हाताशी असेल तर मी डोळे मिटून तीन पर्फ म्हणेन. दोन पर्फचे कॅमेरे मोजके, तीन पर्फचे त्या मानाने सहज मिळतात.

पण तुमच्याकडे मोजायची गोष्ट क्षेत्रफळ नाही, मॅगझिन किती वेळा बदलणार ही आहे. वर हिशेबनीसांनी २७ आणि १५ रिळं सांगितली. कॅमेरा हातात किंवा छत्रीखाली असताना १००० फुटांचं मॅगझिन कोणी लावणार नाही, ४०० चंच लागणार. म्हणजे तीन पर्फमध्ये २७ वेळा, तेही बहुतेक पावसात, कॅमेऱ्याचं तोंड उघडणार. प्रत्येक वेळी छत्रीच्या काडीवरून एक थेंब आत जायला वाट मिळते. प्रत्येक रीळ कोणीतरी चेंजिंग बॅगेत भरणार. सहा मिनिटांनी रीळ संपतं तेव्हा बहुतेक वेळा सर बरोब्बर पडत असते.

चेंजिंग बॅग जुलैत काय करते ते सांगतो. दहा मिनिटांत आत हात घामाने ओले होतात. ओलं बोट इमल्शनला लागलं की तिथे ठसा उठतो आणि धुतल्यावरही राहतो. म्हणून बॅग नकोच, चौकटीवर ताणलेला चेंजिंग टेंट घ्या. तो घरात, पंख्यापासून दूर, कोरड्या टेबलावर. लोडरने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, पावडर लावायची नाही. तीन-चार मॅगझिन सकाळीच भरून ठेवायची आणि जागेवर फक्त अदलाबदल करायची. सुपर १६ ची चार भरलेली मॅगझिन म्हणजे पाऊण तास फिल्म. ८:१ च्या बेताने जेवणापर्यंत पुरते. तीन पर्फची चार म्हणजे तेवीस-चोवीस मिनिटं, मग लोडर पुन्हा टेंटकडे.

माझं मत सुपर १६.

दोन_पर्फ

मॅगझिनचा मुद्दा मान्य, तीन पर्फच्या बाबतीत. दोन पर्फला १८ आणि सुपर १६ ला १५, तीनच रिळांचा फरक. ग्रेनचं काय?

अंधारखोली

ग्रेनचं उत्तर एक्सपोजरमध्ये आहे. निगेटिव्हला उजेड कमी पडला की सावल्यांत ग्रेन उसळतो, जास्त पडला की बसतो. ५००टी ला मीटरवर ३२० धरा, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप जास्त. वरचा भाग जळत नाही, व्हिजन३ ची (कोडॅकच्या या निगेटिव्हची) पेलण्याची ताकद बरीच आहे. आणि लॅबला "पुश" (जास्त वेळ धुणं) सांगू नका. पुशने काँट्रास्ट आणि ग्रेन दोन्ही वाढतात, सावलीत जे टिपलंच नाही ते पुशने परत येत नाही.

अर्थात माजघर पूर्ण काळं आणि एकच समई अशी दृश्यं असतील तर सुपर १६ वर ग्रेन दिसणारच. तो नको असेल तर सुपर १६ नको, इतकं साधं आहे. पण मग टी१.३ यांचा चौपट उजेड आणा.

टी१.३

बाहेरच्या उजेडाचं बोलू. २५०डी (दिवसाच्या उजेडाची फिल्म), शटर १/५०, पावसाळी आभाळाखाली उघड्यावर दुपारी टी८ ते टी११ मिळेल. दाट पोफळीत तोच टी२.८ च्या आसपास उतरतो, पाचनंतर आणखी खाली. हे अंदाज आहेत, मीटर हातात ठेवाच. बागेत २५०डी सकाळी दहा ते चार, त्यानंतर ५००टी ला ८५ हा नारिंगी फिल्टर लावून (३२० होतो). ८५ न लावता "स्कॅनमध्ये सुधारू" म्हणाल तर निळा थर जास्त आणि लाल थर कमी एक्सपोज होतो, सावल्या मळकट निघतात.

उघड्यावर टी११ मिळाला तरी टी११ वर चित्रित करू नका. सुपर १६ वर टी८ च्या पुढे चित्र मऊ पडायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे ९.५ किंवा १२ मिमीची लेन्स टी११ वर असेल तर समोरच्या फिल्टरवरचा पावसाचा थेंब जवळजवळ फोकसमध्ये येतो, पडद्यावर पिवळट फोड दिसावा तसा. एनडी ०.६ (दोन स्टॉप उजेड कापणारा फिल्टर) लावून टी४ ते टी५.६ वर रहा, थेंब विरून जातो. दर टेकनंतर फिल्टर बघायचा, पुसायचा. फिल्टर दोन हवेत, एक पुसला जात असताना दुसरा लावायला.

आणि पाऊस समोरून उजळला तर दिसतच नाही. मागून किंवा तिरपा उजेड, मागे गडद झाडी, तरच रेघा दिसतात. भुरभुर पाऊस सुपर १६ च्या ग्रेनमध्ये हरवतो, हे मात्र दोन_पर्फ यांच्या बाजूने.

गेटमधला_केस

सुपर १६ ठरत असेल तर कॅमेरा भाड्याने घेताना काय तपासायचं ते लिहितो. यात चूक झाली तर वरचं सगळं वाया.

सुपर १६ ची चौकट एकाच बाजूला, जिथे पूर्वी ध्वनीपट्टी असे तिकडे, वाढवलेली असते. म्हणून फिल्म एकाच बाजूला छिद्रं असलेली लागते. दोन्ही बाजूंना छिद्रं असलेली घेतली तर चित्रात छिद्रं. चौकट वाढली की मधला बिंदू साधारण एक मिलिमीटर सरकतो, त्यामुळे लेन्सचं माउंटही सरकवलेलं असावं लागतं. एसआर-३ बहुतांशी सुपर १६ च मिळतो. एसआर-२ बदलून घेतलेला असतो, आणि तिथे गोम असते: गेट कापलेलं असतं, ग्राउंड ग्लास (व्ह्यूफाइंडरची धूसर काच) बदललेली असते, पण मॅगझिनमधले रोलर त्या वाढीव पट्टीवर घासतच असतात. परिणामी चित्राच्या एका कडेला अखंड उभी रेघ, प्रत्येक रिळात. रोलरचा तेवढा भाग खोल केलेला आहे का, हे मॅगझिन उघडून बघा. सगळ्या मॅगझिनवर. एकच जुनं राहून गेलेलं असतं.

तपासण्या, याच क्रमाने:

१. ओरखडा. वीस फूट कच्ची फिल्म प्रत्येक मॅगझिनमधून चालवा, बाहेर काढून टॉर्च तिरपा धरून दोन्ही बाजू बघा. मागच्या बाजूवर रेघ असेल तर प्रेशर प्लेट किंवा रोलर, इमल्शनवर असेल तर गेट.

२. स्थिरता. काळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची जाळी काढा, एक स्टॉप कमी ठेवून पन्नास फूट चित्रित करा, अंधारात फिल्म मागे गुंडाळा, कॅमेरा अर्ध्या घराने सरकवून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रित करा. धुतल्यावर दोन जाळ्या एकमेकींच्या सापेक्ष थरथरत असतील तर कॅमेरा परत.

३. फ्लँज. पीएल माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ५२ मिमी. टी१.३ वर चालणारी चूक मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आसपास, म्हणून कॉलिमेटरवर (हे अंतर तपासायच्या यंत्रावर) बघूनच घ्या. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस बरोबर दिसतो म्हणजे फिल्मवर बरोबर आहे असं नाही, तो ग्राउंड ग्लासवरचा फोकस असतो. प्रत्येक लेन्स पूर्ण उघडून दोन मीटरवर टेपने मोजून टेस्ट घ्या.

४. शटर. काळ्या पार्श्वभूमीवर छोटे उघडे बल्ब. बल्बमधून उभ्या रेघा ओघळताना दिसल्या तर फिल्म हलताना शटर उघडं राहतंय.

५. उजेडाची गळती. भरलेलं मॅगझिन लावून कॅमेरा मिनिटभर उन्हात ठेवा, सगळ्या बाजूंनी.

हे सगळं एका ४०० फुटांच्या रिळात बसतं. ते रीळ त्याच लॅबला पाठवा जिथे पुढे निगेटिव्ह जाणार आहे.

पडवी

वर भर: विजेची फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ५० हर्ट्झ. २४ फ्रेमला १८०° शटर म्हणजे १/४८ सेकंद, ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी त्यात हळू हळू धपापताना दिसतात. शटर १७२.८° वर आणा, बरोबर १/५० होतं. एसआर-३ मध्ये तो कोन थांबलेल्या कॅमेऱ्यात हाताने बदलतात. किंवा २५ फ्रेमने चित्रित करा, मग १८०° चालतं, पण फिल्म चार टक्के जास्त जाते आणि २४ च्या डीसीपीला लांबी व ध्वनी दोन्ही जुळवावे लागतात. जुलैत वीज जाणार, जनरेटर लागणार. गावातल्या मंडपवाल्याचा जनरेटर ५० वर स्थिर राहत नाही. त्याच्यावर फक्त साधे फिलामेंटचे दिवे, एलईडी बॅटरीवर.

नवखा_छायालेखक

निगेटिव्ह लंडनला पाठवण्यापेक्षा जवळच्या फोटो स्टुडिओत सी-४१ मध्ये (फोटोच्या रंगीत रोलच्या धुलाईत) धुतली तर?

अंधारखोली

नको. २०२५ पर्यंतच्या व्हिजन३ च्या मागे काजळीचा रेमजेट थर असतो (त्यानंतर कोडॅकने तो काढायला सुरुवात केली). ईसीएन-२ मध्ये (चित्रपटाच्या निगेटिव्हच्या धुलाईत) तो सुटा करून धुवून काढायची वेगळी पायरी आहे. तसली फिल्म सी-४१ च्या यंत्रात घातली तर काजळी सगळ्या टाक्यांत पसरते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मुंजीचे फोटो काळे ठिपके घेऊन येतात. स्टुडिओवाला तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही. (शिवाय ४०० फूट त्या यंत्रात जाणार कसे?)

सुरंगी

हसले. बरं, साठवण आणि प्रवास. तिथे फ्रिज आहे, पण वीज बेभरवशाची. आणि विमानतळावरचं एक्स-रे?

अंधारखोली

साठवण: न वापरलेली फिल्म १३ अंश किंवा खाली. फ्रिजमधून काढलेला कॅन लगेच उघडायचा नाही, चिकटपट्टी न काढता तसाच बाहेर ठेवायचा. १६ च्या रिळाला तास-दीड तास, ३५ ला तीन ते पाच तास लागतात (हाही सुपर १६ च्या बाजूने एक मुद्दा). आधी उघडलात तर फिल्मवर दव. वीज गेली तर मासळीवाल्यांकडे मिळते ती थर्माकोलची पेटी उत्तम, कोरी घ्या म्हणजे झालं. बर्फ तोंडबंद पिशव्यांत तळाला, त्यावर फळी, फळीवर कॅन, कॅन पुन्हा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. कॅनच्या आत सिलिका जेल टाकू नका, फिल्म अति कोरडी होऊन ठिसूळ होते.

कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका. सकाळी बाहेर काढला की लेन्सच्या आतल्या काचांवर वाफ बसते आणि अर्धा दिवस जातो.

चित्रित झालेली फिल्म दमट उकाड्यात ठेवून देणं सगळ्यात वाईट. शेवटच्या दिवसाची वाट न बघता दोन खेपांत पाठवा. पहिली खेप गेली की लॅबकडून ओरखडा, केस, फोकस याचा अहवाल चित्रीकरण चालू असतानाच मिळतो.

हिशेबनीस

प्रवासाचं: चेक-इनच्या सामानात फिल्म कधीच द्यायची नाही, तिथली यंत्रं जोरदार असतात. हातातल्या सामानासाठी आता अनेक ठिकाणी सीटी स्कॅनर आलेत, तेही तितकेच वाईट, एका फेरीतही धुकं चढू शकतं. शिशाची पिशवी उपयोगाची नाही, अपारदर्शक दिसलं की तपासणारा पुन्हा तपासतो. लॅबचं आणि निर्मात्याचं पत्र घेऊन हाताने तपासायची विनंती करायची, सोबत चेंजिंग बॅग आणि एक रिकामा कॅन दाखवायला. मान्य करणं न करणं सीआयएसएफच्या अधिकाऱ्यावर आहे, म्हणून दोन-तीन तास आधी पोहोचा आणि विमानं कमीत कमी बदला. गोव्याच्या मोपा विमानतळाहून कुठेतरी बदलून जाण्यापेक्षा कुडाळ किंवा सावंतवाडीहून रेल्वेने मुंबई, आणि मुंबईहून थेट लंडन, म्हणजे एकच सुरक्षा तपासणी. फक्त मुंबईच्या मोठ्या स्टेशनांवरही सामानाची यंत्रं असतात, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक धीमं असतं. तेवढं अंतर ठेवूनच तिकीट काढा.

कॅमेरा परदेशातून आणत असाल तर एटीए कार्ने (तात्पुरत्या आयातीचा कागद) करा. कच्ची फिल्म त्यात बसत नाही, कारण ती वापरून संपणारी वस्तू आहे. तिचे कागद वेगळे.

स्कॅनचाही हिशेब: २के डीपीएक्सची (प्रत्येक चौकटीची वेगळी फाइल) २०४८ × १५५६ ची एक चौकट साधारण १२.७ एमबी. १६० मिनिटांचे सुमारे २.९ टीबी. ४के म्हणजे चौपट. सगळं निगेटिव्ह प्रोरेसमध्ये (दाबलेल्या, लहान व्हिडिओ फाइलमध्ये) घ्या आणि निवडलेले टेकच नंतर डीपीएक्समध्ये. छिद्रं दिसतील इतकं ओव्हरस्कॅन मागा, म्हणजे चौकट पुढे स्थिर करता येते.

दोन_पर्फ

मी हरलो असं नाही, पण जुलैसाठी सुपर १६. हीच गोष्ट डिसेंबरात असती तर आणखी दोन पानं भांडलो असतो.

सुरंगी

सुपर १६, एसआर-३, १६ च्या सुपर स्पीड लेन्सचा संच. मागणी: २५०डी ची १० रिळं, ५००टी ची ७ (त्यातलं एक टेस्टला), सगळी ४०० फुटी, एका बाजूला छिद्रं, कोअरवर (प्लॅस्टिकच्या गाभ्यावर गुंडाळलेली). मॅगझिन चार. काही राहिलं?

गेटमधला_केस

प्रत्येक स्टॉकची रिळं एकाच बॅच क्रमांकाची मागा. संत्र्याच्या लाकडाच्या काड्या घ्या, गेट साफ करायला धातूचं काहीही नको. आणि दर चांगल्या टेकनंतर लेन्स काढून टॉर्चने गेट बघायचं, मगच पुढचा सेटअप. १६ च्या गेटमधला केस पडद्यावर ३५ च्या दुप्पट जाड दिसतो. पावसात लेन्स काढताना छत्री कॅमेऱ्यावर, कॅमेरामनवर नाही.